हॉट प्रेसमधलं कातडं

अप्पा येणार म्हणून मुक्ताने आठवडाभर आधीपासून घराच्या खिडक्या उघड्या टाकायला सुरुवात केली. नोव्हेंबर, बाहेर बारीक पाऊस, आत स्वेटरवर स्वेटर. गॉलवेपासून वीस मिनिटांवरच्या अथेनराय या आयरिश गावातलं ते भाड्याचं लहानसं घर. तिच्या स्वतःच्या नाकाला कसलाच वास येत नव्हता, पण सवयीच्या नाकावर तिचा भरवसा नव्हता. तिला भीती होती ती अप्पांच्या नाकाची.

सप्टेंबरपासून दर शनिवारी ती नोएल नावाच्या म्हाताऱ्याच्या शेडमध्ये प्राण्यांची कातडी खरवडायला शिकत होती. हे अप्पांना कळता कामा नये, एवढीच तिची धडपड होती. कळलं तर वडील ओरडणार नाहीत, फक्त बोलायचं थांबवतील. ते त्यांना जमतं, हे तिने आत्याच्या बाबतीत पाहिलं होतं.

आत्यानेच तिला सगळं सांगितलं होतं, ती सोळा वर्षांची असताना. सोलापूरकडच्या गावात आजोबा ओढ्याकाठी कातडी कमावायचे. चुन्याचे रांजण, बाभळीच्या सालीच्या पाण्याचे हौद. शाळेतून आल्यावर अप्पा त्या हौदांत उतरायचे. वर्गात त्यांच्या शेजारी कुणी बसत नसे, आणि गुरुजी वही हातात न घेता लांबूनच तपासत. मग आयटीआय झालं, सरकारी वर्कशॉपात नोकरी लागली, जुनं आडनाव टाकून गावाच्या नावावरून नवं घेतलं गेलं. हे मुलीला सांगितलं म्हणून अप्पा चार वर्षं बहिणीच्या दारात गेले नाहीत.

मुक्ता पुण्यात बायोमेडिकल इंजिनिअरिंग शिकली आणि मार्चमध्ये इथल्या एका कंपनीत आली. कंपनी हृदयाच्या कृत्रिम झडपा बनवते. गाईच्या हृदयाभोवती एक पातळ पडदा असतो. तो घ्यायचा, त्यावरची चरबी काढायची, मग रसायनात मुरवून टिकाऊ करायचा. काचेमागची स्वच्छ खोली, डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख. चरबी काढण्यात मुक्ताचा हात इतका साफ होता, की तिसऱ्या महिन्यात तिला नव्या मुलांना शिकवायला बसवलं. एक दिवस त्या रसायनाची माहिती वाचताना तिच्या ध्यानात आलं, की याच रसायनाने कातडीही कमावतात. त्या दिवशी तिने जेवणाचा डबा उघडलाच नाही. पुढे गावच्या लायब्ररीत नोएलची चिठ्ठी दिसली, ‘कातडं तयार करायला शिकवतो, चहा फुकट’, आणि तिने नंबर लिहून घेतला.

नोएल सत्तरीचा. तळ्याकाठी टिटव्यांची घरटी असतात आणि मिंक त्यांतली पिल्लं फस्त करतात. मुंगसासारखा, काळसर, मऊ केसांचा हा प्राणी मूळचा इथला नव्हे. नोएल पिंजरे लावून मिंक पकडायचा, आणि मारलेल्या जनावराचं कातडं फेकून देणं त्याला पटत नसे.

शेडमध्ये तिरपा ठेवलेला एक गुळगुळीत ओंडका होता. त्यावर कातडं केसांची बाजू खाली करून पसरायचं, वरचं टोक पोटाने दाबून धरायचं, आणि दोन मुठींचा बोथट सुरा पुढे रेटत चरबी आणि मांसाचा पापुद्रा सोलत जायचं. हात हलका पडला तर चरबी राहते आणि कातडं कुजतं. जड पडला तर केसांची मुळं उघडी पडतात आणि मागाहून केस गळतात. पुढच्या पायाखालची जागा सगळ्यांत वाईट. मुक्ताची पहिली तीन सशांची कातडी तिथेच फाटली. ती वहीत सुऱ्याचा कोन अंशांत टिपून ठेवी.

“काय गं, रॉकेट सोडायचंय का?” नोएल म्हणे. “वही ठेव. तुझं वजन ढकल, सुरा आपोआप जाईल.”

नोव्हेंबरात नोएलने तिला पहिलं मिंक दिलं आणि स्वतः खिशात हात घालून बाजूला उभा राहिला. तीन तासांनी कातडं निळसर पांढरं, सगळीकडे सारखं दिसायला लागलं. एकही भोक नाही. नोएलने ते उजेडाकडे धरलं. “ग्रँड,” एवढंच म्हणाला. इथे जेवण, हवा, पाय मोडणं, सगळंच ग्रँड असतं, पण या वेळी तो पुन्हा एकदा म्हणाला, “अगदी ग्रँड.”

तो आठवडाभर बहिणीकडे जाणार होता आणि शेडचं छत गळत होतं, म्हणून मीठ चोळलेलं कातडं मुक्ता घरी घेऊन आली. रविवारी तिने त्याला फोन केला. “उद्या वडील येतायत. कुठे ठेवू हे?”

“प्रेसमध्ये ठेव गं. राहील ग्रँड.”

घर भाड्याने देताना मालकिणीने जिन्याखालचं एक कपाट उघडून दाखवलं होतं आणि ‘हॉट प्रेस’ म्हणाली होती. आत गरम पाण्याची टाकी, वर टॉवेल वाळवायच्या फळ्या. मुक्ताच्या लेखी प्रेस म्हणजे तेवढंच एक कपाट. तिने कातडं जुन्या टॉवेलात गुंडाळलं आणि खालच्या फळीवर मागे सरकवलं.

अप्पा सोमवारी आले. बुधवारी संध्याकाळी ती कामावरून परतली, तेव्हा कोट न काढताच तिला कळलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं होतं, त्यावर ते टॉवेलाचं गाठोडं, आणि समोरच्या खुर्चीवर अप्पा.

“टॉवेल घ्यायला गेलो,” ते म्हणाले. “वास आला.”

“अप्पा, ते नोएलचं...”

“कुणाचं ते विचारलं नाही मी. खरवडलंय कुणी?”

“मी.”

अप्पांनी गाठोडं उलगडलं. काहीतरी करायला हवं म्हणून तिने नोएलला फोन लावला आणि काय झालं ते भराभर सांगितलं.

“कुठल्या प्रेसमध्ये म्हणालीस?”

“हॉट प्रेस.”

“अगं पोरी! हॉट प्रेस कोण म्हणालं? प्रेस म्हणजे कपाट! कुठलंही गार कपाट!” तो हसत सुटला. “मिंक शिजत घातलंस की तू!”

तिने फोन ठेवला. अप्पांना तिकडचं इंग्रजी कळलं नव्हतं, पण हसणं ऐकू आलं होतं. त्यांनी वाकून कातड्याच्या पोटाकडचे केस चिमटीत धरले आणि हलकेच ओढले. पुंजका हातात आला.

“केसं सुटलं,” ते म्हणाले.

मुक्ता त्यांच्याकडे बघतच राहिली. घरात अप्पा नेहमी पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलत. हा आवाज तिने कधी ऐकला नव्हता.

“मिठाचं पाणी गळू दिल्याबिगर गुंडाळलंस व्हय?”

“हो.”

“पोट गेलं. पाठ वाचंल, आत्ता बसलीस तर. सुरी नगं, चमचा आण. व्हिनेगर हाय का? गार पाण्यात घाल, अन् मीठ बचकभर.”

त्यांनी चिमटीतला पुंजका वर्तमानपत्रावर पुसला आणि दोन्ही हात स्वेटरच्या खिशांत घातले. पुढचा तासभर ते हात बाहेर आले नाहीत. पोटाचा भाग कापून टाक, ते म्हणाले. कडेला चरबीची रेघ राहिलीय. तिथं नको, मुळं दिसतील. तिरकं धर. मुक्ता चमच्याने खरवडत होती आणि ते खुर्चीतून न हलता चुका दाखवत होते. नोएल जी पुढच्या पायाखालची जागा तीन शनिवार हात धरून दाखवत आला होता, ती अप्पांनी दोन शब्दांत सांगितली. तिला आनंद व्हायला हवा होता. पण त्यांचा चेहरा बघून तिची मान वर होईना.

कातडं व्हिनेगरच्या पाण्यात बुडलं.

“झालं?” अप्पा म्हणाले. बोलणं पुन्हा शुद्ध झालं होतं. “आता हे बंद कर.”

“अप्पा, मी कंपनीतही हेच करते.”

“तिथे तू हृदयाच्या झडपा करतेस.”

“गाईच्या पडद्याच्या. चरबी खरवडून, कमावून. फक्त खोली स्वच्छ असते.”

हे बोलायला नको होतं, असं तिला बोलता बोलताच वाटलं. अप्पा खुर्चीतून उठले आणि खिडकीशी गेले. 

“तुला इथे कमवायला पाठवलं, कमावायला नव्हे,” ते म्हणाले. “तो एक काना पुसायला मला तीस वर्षं लागली.”

“मला तो लपवायचा नाही, अप्पा.”

“तुला कुणी वर्गात वेगळं बसवलं नाही. म्हणून तुला हौस आहे.”

 ते खरंच होतं. तिच्या शेजारी बसून मुलांनी डबे खाल्ले होते. पण तेवढ्याने शनिवार रद्द होत नव्हता. नोएल म्हणाला होता तसं ‘अगदी ग्रँड’ तिला आजवर दुसऱ्या कुठल्याच कामात कुणी म्हटलं नव्हतं. ती हळू आवाजात म्हणाली, “शनिवारी मी जाणार आहे.”

“मग मी ज्ञानेशकडे जातो.”

ज्ञानेश तिचा चुलतभाऊ, डब्लिनला सँडीफोर्डमध्ये राहणारा. अप्पांनी तेव्हाच त्याला फोन केला. तिथून लुआस की काय ती ट्रॅम जवळ आहे ना, मला शहर बघायचंय, असं ते अगदी उत्साहाने बोलले. गुरुवार आणि शुक्रवारी घरात जेवणापुरतं बोलणं झालं. भाजीत मीठ आहे का, आंघोळीला पाणी आलं का.

शनिवारी सकाळी तिने त्यांना बसथांब्यावर आणलं. गाडीच्या डिकीत झाकणाच्या डब्यात ते पाठीचं कातडं होतं. अप्पांना ते माहीत होतं. त्यांनी बॅग डिकीत ठेवू दिली नाही, मांडीवर घेऊन बसले.

“परतीच्या विमानाला ज्ञानेश सोडेल,” ते म्हणाले. “तू रजा काढू नकोस.”

“अप्पा, अजून तीन आठवडे आहेत.”

“माहीत आहे.”

बस आली. एक पाय पायरीवर ठेवून ते थांबले आणि तिच्या हातांकडे बघत म्हणाले, “नखं काप. नखात चरबी राहिली की कितीही धू, वास जात नाही. चारचौघांत कळतं.”

ते आत गेले आणि पलीकडच्या बाजूच्या खिडकीशी बसले. बस वळणाआड जाईपर्यंत मुक्ता पावसात उभी होती. मग तिने गाडीत बसून डॅशबोर्डच्या खणातून नेलकटर काढलं आणि दहाही नखं मुळापर्यंत कापली. एका बोटाला रक्त आलं. ते तिने चोखलं, गाडी सुरू केली आणि नोएलच्या रस्त्याला लागली.