दम दिल्याची नोंद नसते

नोकरीत हाताळलेली बरीचशी प्रकरणं मी आता विसरलो आहे. हे एक मात्र विसरता येत नाही, कारण यातला पहिला गाढवपणा मी स्वतः केला होता.

तेव्हा मी डोंबिवली पूर्वेच्या बाजूला एका पोलीस ठाण्यात वरिष्ठ निरीक्षक होतो. निवृत्तीला वर्षभर राहिलं होतं. आमच्याकडे एक प्रथा आहे, ती कुठल्याही नियमावलीत सापडणार नाही. आईबाप मुलांना घेऊन ठाण्यात येतात आणि म्हणतात, "साहेब, जरा दम द्या." अभ्यास करत नाही, उलट बोलतो, दम द्या. साहेब दोन मिनिटं आवाज चढवतात, मूल रडतं, आईबाप समाधानाने घरी जातात. मी असे किती दम दिले याचा हिशेब नाही. त्याची स्टेशन डायरीत नोंदच होत नाही.

एका मंगळवारी मानपाड्याकडचे एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. एमआयडीसीत ऑपरेटर, मूळचे साताऱ्याकडचे, अंगावर कंपनीचा शर्ट तसाच. मुलगी एकोणीस वर्षांची, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला.

"साहेब, मोबाइलवर चार-चार तास गेम खेळते. ती बंदुकांची टीम असते ना, तसली. आता पंधरा दिवस झाले, जेवत नाही, बोलत नाही. व्यसन लागलंय हिला. तुम्ही जरा दम द्या."

मुलगी खाली मान घालून उभी होती. मी टेबलावर हात आपटला. "एवढी मोठी झालीस, लाज नाही वाटत? बाप शिफ्ट करून मरतोय आणि तू गेम खेळतेस? काढ तो गेम. आत्ता, माझ्यासमोर." तिने गेम काढून टाकला आणि फोन वडिलांच्या हातात दिला. एकदा तोंड उघडलं तिने, पण मी "एक शब्द नको" म्हणालो. आमच्या महिला हवालदारांनी तिला बाहेर बाकावर बसवून पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी वडील पेढे घेऊन आले. म्हणाले, पोरगी एकदम शांत झाली साहेब. मी पेढा खाल्ला.

शनिवारी दुपारी दोनच्या सुमारास खाडीकाठच्या कोळीवाड्यातली एक बाई ठाण्यात आली. पन्नाशीची, नाकात मोठी नथ, हातात स्मार्टफोन. सकाळी मासळी विकायची आणि दुपारी तोच बंदुकांचा गेम खेळायची. सुनेने शिकवला होता. हे ऐकून ठाणे अंमलदार हसला. मीही हसलो, खोटं कशाला सांगू.

"हसा तुम्ही," ती म्हणाली. "माझे टीममधली पोर हाय. नाव-पत्ता मना ठावं नाय, डोंबिवलीची हाय एवढं बोलली व्हती. म्हणून इथं आले. काल रातच्याला मैत्रिणीचे फोनवरून तिनं हे लिवलंय. वाचा."

गेममध्येच आपसांत निरोप लिहायची सोय असते. तिथे लिहिलं होतं: 'मावशी, बाबांनी फोन काढून घेतला. पोलिसांनी पण दम दिला. उद्या चार वाजता त्याने शहाड स्टेशनला एकटीला बोलावलंय. नाही गेले तर फोटो बाबांना जातील. मी काय करू?'

'पोलिसांनी पण दम दिला' ही ओळ मी दोनदा वाचली. ते पोलीस कोण हे मला विचारायची गरज नव्हती. पण मुलीचं नाव, पत्ता, वडिलांचा नंबर, माझ्याकडे काहीही नव्हतं, कारण मी काहीच लिहून ठेवलं नव्हतं. वाचवलं ते महिला हवालदारांनी. पाणी देताना त्यांनी मुलीला सहज विचारलं होतं, कुठल्या सोसायटीत राहतेस बाळा? तेवढं त्यांच्या लक्षात होतं. पंधरा मिनिटांत आमचा माणूस घरी पोचला. मुलगी क्लासला जाते सांगून निघून गेली होती.

आम्ही साध्या वेशात शहाडला गेलो. चारला पाच कमी असताना ती स्टेशनबाहेर रिक्षा स्टँडजवळ बॅग छातीशी धरून उभी दिसली. महिला हवालदार जाऊन तिच्याशेजारी उभ्या राहिल्या. ती दचकली, आणि मग त्यांचा हात धरून रडायला लागली. साडेचार झाले, पाच झाले, तो काही आला नाही. नंतर कळलं, तो आला होता आणि लांबूनच परत गेला. आम्ही शर्ट-पँट बदलली, पण पायात सगळ्यांच्या खात्याचे तेच लालसर बूट. आमच्या या हुशारीवर काय बोलावं.

मुलगी सुखरूप होती, पण फोटो त्याच्याकडेच होते आणि आता तो चिडलेला होता. तिची फिर्याद घेतली तेव्हा प्रकार कळला. गेममध्ये कोणीतरी लिंक टाकली होती, दाबा आणि भारी पोशाख फुकट मिळवा. तिने दाबली. गेमसारखंच दिसणारं पान उघडलं, त्यात तिने पासवर्ड टाकला. खातं गेलं. मोबाइलवर कोड येऊन खात्री करून घेण्याची सोय असते, ती तिने चालूच केली नव्हती. एवढ्यावर निभावलं असतं. पण त्या घरात सगळ्यांना लक्षात राहावा म्हणून वडिलांनी एकच पासवर्ड ठरवला होता, कुलदेवीचं नाव आणि पुढे मोटारसायकलचा नंबर. ईमेलला तोच, फोटोंना तोच. फोटो तरी कसले? सहलीत वर्गातल्या एका मुलाच्या खांद्यावर हात ठेवलेला, एवढंच. पण आणखी घाण जोडून ते बापाला पाठवतो, ही धमकी तिला पुरेशी होती.

तांत्रिक माहितीसाठी सायबर सेलला पत्र दिलं. उत्तराला वेळ लागणार होता. तेवढ्यात मावशी म्हणाली, "साहेब, त्यो मेला पहिले दोन-तीन दिस पोरीचेच नावानं आमचेबरोबर खेळला. मना वाटलं तीच हाय. त्याचा माईक चालू व्हता. मागून एसटीची फलाटावरची बाई बोलत व्हती, मुरबाडची गाडी लागली म्हणून. आन् घुंगरू वाजत व्हते. रसाचे."

मुरबाडला तिची बहीण दिलेली. त्या गाडीला ती कायम ठाण्याला खोपटच्या डेपोत बसायची, त्यामुळे तो आवाज तिच्या कानात बसलेला होता. रविवारी आम्ही खोपटला गेलो, या वेळी चपला घालून. डेपोची घोषणा ऐकू येईल अशा अंतरात उसाच्या रसाचं दुकान एकच निघालं. त्याला लागून मोबाइल दुरुस्तीचा गाळा. मालक अठ्ठावीस वर्षांचा, बी.कॉम. झालेला, बोलायला अतिशय गोड.

चौकशीत तो अजिबात हलला नाही. "गेम खेळणं गुन्हा आहे का सर? आख्खा महाराष्ट्र खेळतो. कोण मुलगी? मी ओळखत नाही." एक तास हेच. इतकं नीट बोलणारा माणूस बहुतेक वेळा उत्तरं घोकून आलेला असतो, हे मी अनुभवाने सांगतो. त्याचा फोन दोन पंचांसमोर टेबलावर ठेवला होता. मी मावशीला बाहेरच्या खोलीत बसवलं आणि सांगितलं, मुलीच्या जुन्या खात्याला खेळायला बोलवा. अर्ध्या मिनिटात टेबलावरचा फोन वाजला. पडद्यावर मावशीचं गेममधलं नाव आणि 'टीममध्ये येणार का?' पंचांनी वाकून पाहिलं. तो मात्र फोनकडे बघेना.

मग म्हणाला, "मी काय हॅक केलं सर? लिंक टाकली. लोक स्वतःहून पासवर्ड टाकतात." त्याच्या लॅपटॉपमध्ये आणखी सात मुलींची फोल्डरं मिळाली. भारतीय न्याय संहिता आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा आधीच दाखल होता, त्यात त्याला अटक झाली.

वडील आले तेव्हा म्हणाले, "म्हणजे शेवटी गेममुळेच झालं ना साहेब?" व्याख्यानांत, टीव्हीवरच्या चर्चांत मीही हेच ठासून सांगायचो. चार तास खेळणं चांगलं नाहीच, तिचा एक विषय त्यात राहिला होता. पण पंधरा दिवस न जेवण्याचं कारण गेम नव्हता. आणि ज्या गेमला आम्ही व्यसन म्हणून पुसून टाकलं, त्याच गेममधल्या एका मासळीवाल्या बाईला तिने सगळं सांगितलं होतं. हे मी वडिलांना तसंच सांगितलं.

पुढच्या आठवड्यात मुलीचा पुरवणी जबाब झाला. महिला हवालदार लिहून घेत होत्या, मी बाजूला होतो. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, हा प्रकार यापूर्वी पोलिसांना का कळवला नाही?

मुलगी माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी मंगळवारी आलेले ना. बाबा पोलीस स्टेशनला नेतो बोलले तेव्हा मी लगेच तयार झाले. मला वाटलं, तिथे सांगता येईल. मी सांगायलाच आलेले."

हवालदारांनी पेन थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं. जबाब वरिष्ठांना जाणार, कोर्टात वाचला जाणार, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. ते वाक्य गाळलं असतं तर कोणाला कळलंही नसतं.

"लिहा," मी म्हणालो. "ती बोलली तसंच लिहा. आणि दम कोणी दिला, ते माझ्या नावानिशी लिहा."