दूध आलं तेव्हा

लग्न होऊन मी अकोल्याला आले तेव्हा नणंद माहेरीच होती. भिंतींशी भांडते म्हणून चांदूर बाजारच्या सासरच्यांनी तिला आणून सोडलं होतं. अमरावतीच्या एका डॉक्टरांनी वेडावरच्या नव्या गोळ्या सुरू केल्या. तिचे हात थरथरायचे, चालणं ताठ झालं. पण भांडण थांबलं आणि ती माझ्या भाकरीला नावं ठेवू लागली. म्हणजे बरी झाली, असं मीच नवऱ्याला सांगितलं. जावई येऊन तिला घेऊन गेले.

संक्रांतीला ती महिनाभर राहायला आली. आमच्याकडे बायका पाळीत बाजूला बसत, त्यामुळे लपून काही राहत नसे. ही बसलीच नाही. सासरीही बसली नव्हती म्हणे. मग एके दिवशी तिनं मला न्हाणीत बोलावून ओली चोळी दाखवली. दूध! पोट सपाट आणि दूध आधीच? माझं डोकं चालेना. सासूबाईंचं मात्र लगेच चाललं.

"बंद कर त्या गोळ्या. लेकराले बाधतीन."

तिची सासू स्वतः ओटी भरायला आली. हिला दारात सोडून गेलेली बाई आता हिला उठू देईना. नणंद इतकी हसलेली मी कधी पाहिली नव्हती.

गोळ्या सुटल्या आणि काही आठवड्यांत ती पुन्हा भिंतींशी भांडू लागली. त्यातच पाळी आली. कुणी म्हणे पोट पडलं, कुणी म्हणे दृष्ट लागली. आम्ही तिला अमरावतीला नेलं; जावईही तिथं आले.

"मूल नव्हतंच," डॉक्टर म्हणाले. "या गोळ्यांनी पाळी थांबते, कधी दूधही येतं. बंद करण्याआधी मला विचारायचं होतं." गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. जावयांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकटेच चांदूर बाजारची मोटार पकडली. ते परत आले नाहीत.

रोज गोळी तिच्या हातावर मीच ठेवायची. मला त्या गोळीचा भयंकर राग यायचा, आणि ती चुकली तर जीव घाबरा व्हायचा. हळूहळू नणंद भानावर आली, घरात वावरू लागली. एका सकाळी तिनं मला पुन्हा न्हाणीत बोलावलं. चोळी ओली होती.

"वयनी, डाक्टर म्हणते लेकरू नव्हतंच. मंग हे दूध कोनासाठी येऊन राह्यलं?"

मी चोळी घेतली आणि धुवायला बसले.