आहाज राजाने न मागितलेली खूण

प्रभाकर मास्तर आणि मी सौंसरच्या एकाच शाळेतून निवृत्त झालो. मी शनिवारी जामसांवलीला मारुतीपुढे नारळ फोडणारा, तर ते रविवारी आपल्या ओसरीवर चार ख्रिस्ती घरांची उपासना चालवणारे. देवावरून आमचं कधी वाजलं नाही. त्यांच्या संत्र्याच्या बागेवरून मात्र मी त्यांना रोज छेडायचो, कारण बायकोपेक्षा झाडांची चौकशी जास्त करणारा हा माणूस.

त्या बागेचं पाणी नदीकाठच्या विहिरीवरून यायचं आणि पाइप होता शेजारच्या गुणवंताच्या शेताखालून. गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी गुणवंता आणि त्याचा भाऊ दोन शेतांमधल्या धुऱ्यावर येऊन बजावून गेले, "पाइप उखडून फेकतो." पाणी तुटलं की बाग संपली. मास्तरांची झोप उडाली. त्यांच्या मुलाने, चेतनने, तोडगा काढला तो नागपूरच्या भूपेंद्र शेठचा. हा शेठ आमच्या भागात जमिनी घेत फिरायचा. त्याच्या गाड्या आणि माणसं येऊन उभी राहिली की गुणवंताची बोलती बंद. मास्तरांनी फोन करून टाकला.

"भरवसा देवावर आहे नं तुमचा?" मी टोचलं.

"प्रार्थनाही करून राहिलो नं," ते म्हणाले.

त्या रविवारी मास्तरांच्या बायकोच्या, स्मितावहिनींच्या, चहाच्या आशेने मीही ओसरीवर बसलो होतो. बायबलातला पाठ होता यशया संदेष्ट्याचा. यरुशलेमचा राजा आहाज दोन शेजारी राजांना भिऊन कापत होता आणि त्यांच्या बंदोबस्ताला दूरच्या अश्शूरच्या बलाढ्य राजाला बोलवायच्या बेतात होता. यशयाने त्याला पाण्याच्या पाटापाशी गाठून सांगितलं, घाबरू नकोस, ते दोघे विझत आलेली लाकडं आहेत, नुसता धूर करतात. पटत नसेल तर देवाकडे खूण माग. राजा म्हणाला, मी देवाची परीक्षा पाहणार नाही.

"चांगलंच तं बोलला," म्हातारी अंबाबाई म्हणाली. "मंग संदेष्ट्याले राग कावून आला, मास्तर?"

"कारण त्याले देवाचं उत्तर पाहिजेच नव्हतं, बाई. तोंडानं देव देव, अन् मनानं तो कधीचाच अश्शूरकडे..." मास्तर तिथेच थांबले.

"मंग आला का तो अश्शूरवाला?"

"आला. शेजाऱ्याईले खाल्लं, अन् मंग याच्याच मानेवर बसला."

त्यांनी खिशातून फोन काढला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "शेठ, तुमी येऊ नका." चेतन ताडकन उठून निघून गेला.

तसेच मास्तर एकटे गुणवंताकडे गेले. "माह्या पाठीमागं कोणी येऊन नाही राहिलं. पाणी तूही घे, पण पाइप राहू दे." गुणवंता हसला आणि दुसऱ्या दिवशी त्याने पाइप उखडला. मास्तरांनी तहसिलीत अर्ज दिला, तो तिथेच पडून राहिला. ऐन उन्हात झाडं उभ्याउभ्या वाळली. मला तर संतापच आला.

"काय केलं तुमच्या देवानं?"

"झाडं गेली," वाळकी फांदी मोडत ते म्हणाले. "जमीन माहीच हाय." डोळे भरले होते त्यांचे.

'येऊ नका' ऐकूनही शेठ काही रिकाम्या हाताने बसणारा नव्हता. त्याने गुणवंताच्या भावाला गाठलं, त्याचा हिस्सा घेतला आणि चहूकडून तारेचं कुंपण ओढलं. गुणवंताच्या शेताची वाट त्या हिश्श्यातूनच जायची.

एका सकाळी मी बागेत असताना गुणवंता बैल घेऊन धुऱ्यावर आला. मान खाली होती. "मास्तर, बैल काढाले रस्ता द्या."

मी त्यांच्या जागी असतो तर हाकलून दिला असता. मास्तरांनी कुंपणाच्या काट्या बाजूला केल्या. बैल वाळक्या झाडांच्या ओळीतून चालू लागले. मधेच गुणवंता थांबला. एका खोडावर त्याने हात ठेवला आणि किती तरी वेळ तो काढेचना.

"मास्तर," तो म्हणाला, "पाइप मी सोता गाडून देतो."

मास्तरांनी पुढे होऊन बैलाचा कासरा धरला आणि वाट दाखवत चालू लागले.