माल पास करणारी झोप

मांडवीच्या मागच्या गल्लीत झोपाळ्यांचं एक दुकान होतं आणि त्याचे मालक शरच्चंद्र मेस्त्री रोज दुपारी दुकानातच झोपायचे. यात नवल काही नाही, बडोद्यात दुपारी जागं असतं कोण? फरक एवढाच, की बाकीचे झोपले की त्यांचा धंदा बंद व्हायचा, आणि शरच्चंद्र झोपले की त्यांचा सुरू व्हायचा.

ही रीत त्यांच्या वडिलांनी घातली. लक्ष्मण मेस्त्रींनी दुकान टाकलं ते गुजरात वेगळं झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी. पुण्याचे नातेवाईक म्हणाले, "आता तिथं काय राहिलंय आपलं?" लक्ष्मणराव म्हणाले, "हिंचके." झोपाळ्याला सगळं गाव हिंचका म्हणायचं, घरात मराठी बोलणारेसुद्धा. पण दुकानाच्या पाटीवर लक्ष्मणरावांनी हट्टाने 'झोपाळा' लिहून घेतलं. एका गिऱ्हाइकाने डिवचलं, "हिंचको ने झोपाळो, बेमां फेर शुं, मिस्त्री?"

रंधा थांबवून लक्ष्मणराव म्हणाले, "हिंचक्यावर हिंचकतात. झोपाळ्यावर झोप लागते. नाही लागली तर परत आणा."

बोलून गेले खरे, पण ते बोलणं दोन दिवसांत अख्ख्या मांडवीत पसरलं आणि लोक विचारायला लागले, की झोप लागते हे तुम्हाला कळतं कसं? लक्ष्मणराव स्वतः नव्या झोपाळ्यावर जाऊन आडवे झाले. तासभर घुबडासारखे टक्क जागे. शेवटी वैतागून उठले आणि वीस वर्षांच्या मुलाला म्हणाले, "शरद, चढ. झोप."

तिसऱ्या झोक्याच्या आत शरद गाढ झोपला.

"वा!" लक्ष्मणराव म्हणाले. "जन्मात पहिल्यांदा कामाला आलास."

तेव्हापासून शरद झोपल्याशिवाय एकही झोपाळा दुकानाबाहेर गेला नाही. हे थट्टेचं काम नव्हतं. झोपाळ्याचा पाट चार कड्यांवर लटकतो, आणि एखादी कडी केसभर जरी लांब असली तरी डोळ्यांना ते दिसत नाही. शरदच्या झोपेला ते कळायचं. झोप त्याच्या अंगात पाण्यासारखी पसरायची, आधी डोक्यात, मग खांद्यांत, मग पोटऱ्यांत. आणि पाट कुठे जरासा जरी कलता असला तर सगळी त्या कोपऱ्याकडे वाहून जायची. मग तो डोळे न उघडताच म्हणायचा, "उजवी, मागची. दोन आटे." दुकानातला कारागीर विश्राम पाना घेऊन शिडीवर चढायचा, कडीच्या टोकाचे आटे दोनदा फिरवायचा, आणि वाहून गेलेली झोप हळूहळू परत यायची.

झोपेच्या काठावर पडल्यापडल्या शरच्चंद्रांनी आयुष्य ऐकलं. डोळे मिटलेला माणूस म्हणजे भिंत, असं समजून लोक बोलायचे. निवृत्त शिक्षिका अहल्याबाई प्रत्येक शब्दाला इस्त्री करून बोलायच्या, "झोपाळ्यास पॉलिश करावे. रंग फासू नये." घाईतला एखादा शेठ कानाशी येऊन लवकर झोपायची गळ घालायचा, "शरदभाई, जरा झट सुई जाओ ने, मारी गाडीनो टाइम थाय छे!" एकदा एक नवं जोडपं कुजबुजत भांडलं, झोपाळा दोघांचा घ्यायचा की सासूबाईंनाही मावेल असा. शरच्चंद्रांनी झोपेतच "तिघांचा" म्हटलं, आणि ती मुलगी अशी हसली, की ते हसू त्यांच्या स्वप्नात कितीतरी वेळ घुंगरासारखं वाजत राहिलं. वडील गेले तेही त्यांना असंच, डोळे मिटलेले असताना कळलं. रंध्याचा आवाज मध्येच थांबला आणि पुन्हा सुरूच झाला नाही.

आता शरच्चंद्र अडुसष्ट वर्षांचे होते. दुकान त्यांची मुलगी स्नेहलता पाहायची. ती स्कूटीवरून यायची ती बोलतच, जायची ती बोलतच. फोनवर गुजराती, कामगारांशी हिंदी, बाबांशी मराठी, आणि तिन्ही भाषांत एकच वाक्य, "हो जाएगा, थई जशे, होऊन जाईल ने!"

आणि शरच्चंद्रांना आताशा कुठेही झोप लागायची.

सुरुवातीला कोणाच्या लक्षात आलं नाही. मग ते बँकेच्या रांगेत उभ्याउभ्या झोपले. रिक्षात झोपले. दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडं ठेवून झोपले. विश्राम हसून म्हणाला, "शरदभाऊ, आता दगडावर टाकलं तरी माल पास!" शरच्चंद्रही हसले. हसता हसता त्यांची नजर वरच्या कड्यांकडे गेली.

मग मांजलपूरच्या निरुपमाबेनचा फोन आला. शरच्चंद्र झोपाळ्यावर डोळे मिटून पडले होते. स्नेहलता आवाज दाबून बोलत होती, "हा बेन... डाबी बाजू भागे छे?... ना ना, बापुजीने ना कहेशो. हूं आवीने करी आपुं छुं." डावीकडे पळतो. त्यांनी पास केलेला झोपाळा डावीकडे पळत होता. अठ्ठेचाळीस वर्षांत पहिला. फोन ठेवून तिने विश्रामला खूण केली आणि दोघं पाना घेऊन गुपचूप निघून गेली. शरच्चंद्र पडूनच राहिले. झोपाळ्यावर झोपेचं सोंग त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा केलं.

आठवड्याने करजणच्या गजेंद्रभाईंचा झोपाळा तयार झाला. सागवानी, चौकटीसकट. त्यांच्या बांसाठी, म्हणजे आईसाठी. बांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, सगळा दिवस त्या त्यावरच काढणार होत्या. चार वाजता टेम्पो यायचा होता. शरच्चंद्र अडीचला चढले.

झोप लगेच आली. अगदी लगेच, न बोलावता, घरात शिरलेल्या मांजरासारखी. पाट उठला आणि दुकानाचं छप्पर कापडासारखं बाजूला झालं. मांडवीचा दरवाजा खालून गेला, सुरसागर तलावाचं पाणी गेलं, घराघरांतले हिंचके गच्चीवर येऊन एका तालात झुलत होते आणि त्यांच्यावर कोणीच नव्हतं. चार कड्या वर आभाळात गेल्या होत्या. वर कुठेतरी वडिलांनी त्या धरल्या होत्या. "शरद, सरळ आहे का रे?" त्यांनी विचारलं. शरदला सांगायचं होतं. पण आपल्याला ते कळत नाहीये, हे त्याला स्वप्नातही माहीत होतं.

"बाबा. साडेतीन झाले." स्नेहलता उभी होती. "पास ने?"

त्यांनी पाय खाली सोडले. विश्राम पाहत होता. 'पास' म्हणायला एक क्षणसुद्धा लागला नसता.

"मला कळलं नाही," शरच्चंद्र म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे मला आता कुठेही झोप लागते, बेटा. निरुपमाबेनना विचार."

स्नेहलताने झोपाळ्याची कडी धरली. "तुम्ही जागे होतात?"

"तेवढ्यापुरता." ते उठले आणि पाटावर हात ठेवला. "चढ. तू झोप."

"मी? दिवसा? बाबा, मला रात्री झोपायला बारा वाजतात! आणि टेम्पो येतोय, दोरखंड आणायचाय, गजेंद्रभाईंना पावती..."

"पडल्यापडल्या बोल."

ती पडली. चप्पल काढायची विसरली, मग आठवून काढली. त्यांनी झोका दिला आणि तिने बोलणं सुरू केलं, कारण बोलणं थांबवणं तिला जमणारच नव्हतं. करजणचा रस्ता, टेम्पोवाल्याचा उशीर, बांचा गुडघा, गजेंद्रभाई फोनवर कसे ओरडतात, "हॅल्लो! स्नेहाबेन! हिंचको थयो के नई!" तिने अगदी त्यांचा आवाज काढला. विश्राम खुदकन हसला. शरच्चंद्र हसले नाहीत. ते ऐकत होते.

झोका मागे जाताना तिचं वाक्य अडखळत होतं. दर वेळी, त्याच ठिकाणी. 'टेम्पो' म्हणताना नव्हे, 'गुडघा' म्हणताना नव्हे. शब्द कुठलाही असो, पाट मागे गेला की तिच्या आवाजाला बारीकशी ठेच लागायची. तिला पत्ताच नव्हता.

"कुठे ओढतंय?" त्यांनी हळूच विचारलं.

ती गप्प झाली. खरंच गप्प झाली. दोन झोके गेले, तीन गेले. मग डोळे मिटून, जरा आश्चर्याने ती म्हणाली, "डावा खांदा. नाही... खालून. विश्रामकाका, डावी, पुढची."

"किती?" विश्रामने शिडीवर चढत विचारलं.

"एक."

विश्रामने आटा फिरवला. ती पडूनच राहिली. आता बोलत नव्हती. शरच्चंद्रांनी झोका दिला आणि मग हात काढून घेतला.

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. गजेंद्रभाई आत यायच्या आधी त्यांचा आवाज आत आला, "शरदभाई! केम छो! पास थई गयो ने? टेम्पोमां चढावी दउं?"

शरच्चंद्रांनी मुलीकडे पाहिलं. झोपाळा हळू हळू थांबत आला होता. तिने एक डोळा उघडला, कडीकडे पाहिलं, मग बाबांकडे.

"बेसो, गजेंद्रभाई," ती पडल्यापडल्याच म्हणाली. "हजी पास नथी थयो. अर्धा आटा बाकी आहे."

"अरे बेन, अर्ध्याने काय होणार?"

"अर्ध्याने तुमच्या बा डाव्या अंगावर कलतील. बेसो."

गजेंद्रभाई कुरकुरत भिंतीशी असलेल्या बाकावर बसले. शरच्चंद्र त्यांच्याशेजारी जाऊन टेकले. पान्याचा एक बारीक किरकिराट झाला, मग शांत. सागवानाचा भुसा उन्हात तरंगत होता. शरच्चंद्रांची मान हळूच खाली आली.

"शरदभाई सुई गया?" गजेंद्रभाईंनी विश्रामला विचारलं. "तो पास?"

"ना शेठ," विश्राम शिडीवरूनच कुजबुजला. "ही झोप गणायची नाही. ही त्यांची स्वतःची आहे."