शोकाकुल चिवडा परिवार

अंबडला माझं फ्लेक्सचं दुकान आहे. सकाळी शटर पुरतं वर जायच्या आत भानुदासकाका खाली वाकून विचारायचे, "काल काय गाजलं?" मॅच कोण जिंकलं, मोबाइलवर कोणतं गाणं फिरतंय, मालिकेत कोण कोणाला सोडून गेलं, एवढंच त्यांना हवं असे. संध्याकाळपर्यंत ते त्यांच्या चिवड्याच्या बोर्डावर यायचं.

बसस्टँडसमोर त्यांची कढई वर्षानुवर्षं चालत होती. मग शेजारच्या टपऱ्यांवर मोठ्या कंपन्यांच्या पुड्यांच्या माळा लटकल्या. पुड्यांवर हसऱ्या नट्या. बसमधून उतरलेली माणसं काकांना ओलांडून थेट तिकडे जाऊ लागली. हे त्यांना फार लागलं. "त्यांच्याकडं हिरोइन हाये, माझ्याकडं नुसते शेंगदाणे. मंग लोक थांबतील कशाला?" असं म्हणून ते शेंगदाण्यांकडेच रागाने बघायचे.

म्हणून मॅच जिंकली की 'विजयी चिवडा', नाचाचं गाणं आलं की 'ठुमका चिवडा'. माल तोच. मी तसं बोललो, तर म्हणाले, "फेटा बदलला म्हणून नवरदेव बदलतो का?"

आणि एका मालिकेतली सुमेधा मेली. गावातल्या बायका हळहळल्या. काकांनी लगेच मोठा बोर्ड करून घेतला: 'सुमेधाताईंना भावपूर्ण श्रद्धांजली. शोकाकुल: भानुदास चिवडा परिवार.' नटीचा फोटो लावला तर नोटीस येते, हे तालुक्याचं कोर्ट असलेल्या गावात राहून त्यांना ठाऊक होतं. म्हणून मी एक पाठमोरी बाई टाकली आणि भोवती हार. माणसं थांबून वाचू लागली. काका खूश.

दुपारी त्यांच्या जुन्या गिऱ्हाईक कमलमावशी आल्या. बोर्ड वाचला, उकळत्या तेलाकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "भानुदास, सुतकात तळण करून राह्यलास?"

काकांनी बोर्डाकडे पाहिलं. शोक त्यांनी स्वतःच छापून घेतला होता. मावशींच्या मागच्या बायकाही पिशव्या घडी करून परतल्या. मी म्हटलं, बोर्ड उतरवू. ते ऐकेनात. "दहावं झाल्याबिगर सुतक फिटत न्हाई." कढई उतरवून बिचारे बसून राहिले. धंदा बुडत होता आणि दोन-चार बायका तर चक्क समाचाराला येऊन गेल्या.

दहाव्याच्या आत मालिकेत सुमेधा जिवंत परतली. काका धावत आले. "जल्दी बोर्ड कर. ताई वाचल्या, सुतक फिटलं." त्या संध्याकाळी दुकानापुढे पाय ठेवायला जागा नव्हती. पहिला पाव किलो कमलमावशींनीच घेतला.

गेल्या हिवाळ्यात काका खरंच गेले. त्यांनी मला आधीच बजावून ठेवलं होतं, "माझ्या श्रद्धांजलीच्या बोर्डावर दुकानाचा पत्ता टाक. बिलकुल विसरू नको." मी डोळे पुसत पुसत टाकला. स्टँडसमोर बोर्ड लागला, तेव्हा लोक हसतच थांबले. काका आता कोणती मालिका घेऊन आले, असं एकाने मला विचारलं. मी कढईकडे बोट केलं. ती पालथी घातलेली होती.

मग बराच वेळ तिथून कोणीच पुढे गेलं नाही.