झुहुराला न सांगता

रत्नप्रभा माझ्याहून दहा वर्षांनी लहान. अंधेरीच्या एकाच शाळेत आम्ही शिकवलं. मी इतिहास, ती गणित. वेसाव्याच्या कोळीवाड्यातली ही पहिली बी.एड., असं तिचा भाऊ दत्ताराम येईल त्याला सांगतो. खरं-खोटं तोच जाणे. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर लोकांनी भजनी मंडळ सुचवलं, तर ही बाई एका संस्थेमार्फत टांझानियातल्या पेंबा बेटावर फुकट शिकवायला निघाली.

"गुडघे दुखतात ना तुझे?" मी विचारलं.

"बाई, तिथे जिने नाहीत."

वर्षभराने परत आली. माझ्यासाठी तिथल्या लवंगा आणल्या होत्या. पोरांनी निरोप कसा दिला, विचारलं तर म्हणाली, "दिलाच नाही. मीच घेतला नाही. वर्गाला चित्र काढायला लावलं, सगळ्यांच्या माना खाली गेल्या आणि चपला हातात घेऊन मागच्या दाराने होडीवर गेले. रडारड कोण बघणार?"

मला संताप आला. "हे कुठलं शहाणपण?"

"आमची आई रोज अशीच जायची. म्हणायची, वाटीतल्या शिंपल्या मोज बघू. मी मान वर करेपर्यंत टोपली घेऊन ती धक्क्यावर निघालेली असायची. आमच्याकडे सगळ्याच बायका अशा जायच्या. पोर रडत नाही, बाईचा पाय अडकत नाही."

"आणि संध्याकाळी परत यायच्या. तू येणार होतीस का संध्याकाळी?"

ती चहा टाकायला उठली. विषय तिथेच संपला असं मला वाटलं.

पुढच्या आठवड्यात दुपारी तिच्याकडे बसले होते तेव्हा पेंबाच्या मुख्याध्यापिकेचा, सलमाचा फोन आला. रत्नाने तो स्पीकरवर टाकला. सलमाचं इंग्रजी तुटक, पण कळायला अवघड नव्हतं. दुसरीतली झुहुरा सकाळपासून सापडत नव्हती. टीचर होडीतून गेली, असं कुणीतरी तिला सांगितलं होतं. तेव्हापासून पोर शाळा सोडून किनाऱ्यावर जाऊन बसायची. आज किनाऱ्यावरची एक छोटी होडीही जागेवर नव्हती.

रत्नाने एकच विचारलं, "सकाळी ओहोटी होती का?"

होती.

मला समुद्रातलं काही कळत नाही. मी म्हटलं, "अगं, सात वर्षांचं पोर, वल्हवून वल्हवून किती लांब जाणार?"

"वल्हवावं लागत नाही, बाई. ओहोटीच ओढून नेते."

ज्या पोरीचा चेहरासुद्धा मी पाहिला नव्हता, तिच्यासाठी माझ्या तोंडाला कोरड पडली.

दत्ताराम ओट्यावर जाळं विणत होता. हाक मारली तसा आत आला. सगळं ऐकून म्हणाला, "होडीला दोन्ही बाजूंनी लाकडं बांधलेली असतात का गं तिकडे?"

"असतात."

"मग लगेच उलटायची नाही." पण बोलताना तो बहिणीकडे बघत नव्हता. "वारा कुठला?"

"मला काय माहीत, दादा! मी इथे आहे!"

तो "एकवीरेला बोललोय मी" एवढंच म्हणून बाहेर गेला. जाळ्याला मात्र त्याने परत हात लावला नाही.

मग नुसतं बसणं. चहावर साय धरली. मध्येच गॅसवाल्याचा फोन आला. रत्ना त्याच्यावर अशी किंचाळली की बिचाऱ्याने न बोलता ठेवून दिला. ती सारखी एकच बडबडत होती, "दोन मिनिटं लागली असती. वर्गात उभं राहून सांगायला दोन मिनिटं." एरवी मी तिला चार शब्द सुनावले असते. त्या दिवशी हिंमत झाली नाही. मनात पाणी दिसत होतं, आणि त्या पाण्यात काहीच दिसत नव्हतं.

उन्हं उतरली तेव्हा सलमाचा फोन आला. सापडली! होडी खाडीच्या तोंडाशी, तिवरांमधल्या चिखलात रुतली होती. मासेमारांनी पाहिलं. पोर जिवंत होती, उन्हाने करपली होती, कुणाशी बोलत नव्हती. तिला टीचर बघायची होती.

व्हिडिओवर चादरीत गुंडाळलेलं एवढंसं तोंड दिसलं. ओठ फुटलेले. तिने काहीतरी विचारलं आणि रत्नाचा चेहरा पांढराफटक पडला.

"काय म्हणते?"

"विचारतेय, उद्या येशील ना?"

"मग खरं सांग."

"कसं सांगू, बाई? आताच पाण्यातून आलीय ती. परत गेली तर?"

"खोटं सांगितलंस तर नक्की जाईल."

उंबऱ्यावरूनसुद्धा 'येते' म्हणणारी माणसं आपण. 'जाते' हा शब्द तोंडातून निघत नाही. रत्ना आधी त्यांच्या भाषेत बोलली, मग माझ्याकडे न बघता मराठीत, "मी गेले, झुहुरा. परत येणार नाही."

झुहुराने असा टाहो फोडला की दत्ताराम ओट्यावरून धावत आत आला. रत्नाचा अंगठा फोन बंद करायला निघाला. मी तिचं मनगट धरलं.

"बघ," मी म्हटलं. "आता बघच."

तिने बघितलं. हात इतका कापत होता की तिकडे त्या पोरीला आमचं छत, पंखा, मग रत्ना, परत छत असंच दिसत असणार. पण रत्नाने फोन ठेवला नाही.