रविवारचं पाणी

माझ्या माहेरी, नशिराबादला, रविवार म्हणजे सकाळी चर्च आणि दुपारी मटण. लग्न होऊन धुळ्याला, देवपुरात आले, तेव्हा कळलं की विसावा सक्तीचाही असतो.

सासरे चर्चच्या पंचांपैकी. रविवारी घरात चूल नाही, झाडू नाही, दुकानाची पायरी नाही. मग शनिवारी आम्ही सासू-सुना दोन दिवसांचं काम उपसायचो आणि दुसऱ्या दिवशी ज्वारी-उडदाच्या कळण्याची शिळी भाकरी खात, दारं लोटून बसायचो. नवरा नोकरीला पुण्यात. त्याचा विसावा कोण तपासतो! मला इतका राग यायचा की प्रार्थनेतही दात आवळलेले असायचे.

नळाला मात्र वार कळत नाही. आमच्याकडे पाणी आठवड्यातून एकदा येतं, तेही न सांगता. त्या उन्हाळ्यात ते रविवारी आलं. मला सातवा महिना होता, टाकीत तळाचा गाळ उरला होता. हे पाणी हुकलं असतं तर आठवडाभर गल्लीच्या टोकाच्या हातपंपावरून हंडे आणावे लागले असते. शेजारची मोटर सुरू झाली तशी मी उठले.

"बस बेटा," सासरे म्हणाले. "आज नाही."

शेजारीण भिंतीवरून म्हणाली, "अक्का, नळले पानी उनं. पाईप इकडे द्या, मी भरी देस."

तेही चालेना. सासऱ्यांनी पवित्र शास्त्र उघडून विसाव्याची आज्ञा वाचली. मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरंढोरं, आपल्या वेशीत राहणारा परका, कुणीच काम करायचं नाही. शेजारीण परक्यात गेली. मी परत बसले. पलीकडे टाकी भरत होती आणि मला रडू फुटत होतं.

सासूबाई इतका वेळ डोळे मिटून होत्या. "परत वाचा," त्या म्हणाल्या.

त्यांनी वाचलं.

"यामा पोरगा शे, पोर शे, गडी शे, ढोर शे. बायको कोठे शे? सून कोठे शे?"

सासरे ओळीवर बोट ठेवून शोधत राहिले. सासूबाईंनी पदर खोचला.

"देवनी आपलाले सुटी दियेल नही," त्या मला म्हणाल्या. "चाल, मोटर लाव."

टाकी भरली. तेव्हापासून रविवारी पाणी आलं की आम्ही दोघीच भरतो. सासरे विसावा घेतात.